युरोपीय संघातील गरीब देश श्रीमंत शेजाऱ्यांना गाठत आहे का, हे कसे तपासावे

पोलंड २००४ मध्ये युरोपीय संघात दाखल झाला, तेव्हा त्याचे दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या साधारण निम्मे होते. वीस वर्षांत ते सरासरीच्या ८० टक्क्यांजवळ पोहोचले. याच काळात ग्रीसचा प्रवास उलट दिशेने झाला आणि सरासरीच्या ९० टक्क्यांहून वर असलेला तो देश ७० टक्क्यांच्या आसपास घसरला. दोन्ही देशांना एकच सामायिक बाजारपेठ खुली होती, एकाच प्रकारचे नियम लागू होते आणि एकाच तिजोरीतून निधी मिळत होता. त्यामुळे ‘संघात गेले की गरीब देश आपोआप वर येतो’ हे विधान जसे तपासल्याशिवाय स्वीकारता येत नाही, तसेच ‘श्रीमंत देश संघाच्या नावाखाली गरिबांची बाजारपेठ बळकावतात’ हेही स्वीकारता येत नाही. अर्थशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षक, पत्रकार आणि स्पर्धा परीक्षांचे उमेदवार यांना अशी विधाने स्वतः पडताळून पाहता यावीत, यासाठी ही पद्धत मांडली आहे. शेवटपर्यंत एकच प्रश्न समोर ठेवावा: त्या देशात एका तासाच्या कामातून निर्माण होणारे मूल्य वाढते आहे का, आणि ते तिथे राहणाऱ्या माणसांच्या हाती पडते आहे का?

मापपट्टी आधी ठरवावी

विनिमय दराने युरोत रूपांतरित केलेले उत्पन्न तुलनेसाठी घेऊ नये. रोमानियाची राजधानी बुखारेस्टमधील घरभाडे, केशकर्तन किंवा दंतवैद्याची फी म्युनिकपेक्षा पुष्कळ कमी असते, आणि हा फरक लक्षात घेतला नाही तर गरीब देश प्रत्यक्षाहून अधिक गरीब दिसतो. युरोस्टॅट ही संघाची सांख्यिकी संस्था क्रयशक्तीनुसार समायोजित केलेला दरडोई जीडीपी दरवर्षी प्रसिद्ध करते आणि त्यात संघाची सरासरी १०० धरलेली असते. सुरुवात याच आकड्यापासून करावी.

मात्र ही सरासरी नेमकी कोणत्या देशांची आहे, हे प्रत्येक वेळी पाहावे. २००४ मध्ये दहा नवे सदस्य आले, त्यांतील बहुतेक तुलनेने गरीब होते, त्यामुळे सरासरीच खाली आली. परिणामी पूर्व जर्मनी आणि स्पेनमधील काही प्रदेश, तेथील एकाही कुटुंबाच्या मिळकतीत भर पडलेली नसताना, मदतीसाठी ठरवलेल्या ७५ टक्क्यांच्या रेषेच्या वर गेले. २०२० मध्ये ब्रिटन बाहेर पडल्यावर सरासरी पुन्हा हलली. जुन्या पुस्तकातील एक आकडा आणि नव्या अहवालातील दुसरा आकडा शेजारी ठेवून निष्कर्ष काढण्याची चूक इथेच घडते. दोन्ही आकडे एकाच मालिकेतून घ्यावेत.

जीडीपीवर किती विश्वास ठेवावा, हे आयर्लंडच्या उदाहरणातून शिकावे. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा तिथे हलवल्यामुळे २०१५ मध्ये त्या देशाचा जीडीपी एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. त्या वर्षी आयरिश कामगारांची मिळकत चौथ्या हिश्श्याने वाढली नव्हती, हे उघड आहे. तेथील सांख्यिकी कार्यालयाने म्हणूनच पुढे ‘सुधारित सकल राष्ट्रीय उत्पन्न’ हे वेगळे माप सुरू केले, आणि ते जीडीपीपेक्षा बरेच खाली असते. लक्झेंबर्गची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. तेथील कामगारांचा फार मोठा वाटा रोज फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियममधून ये-जा करतो. त्यांनी निर्माण केलेले मूल्य जीडीपीत धरले जाते, पण भागाकार करताना ते लोकसंख्येत येत नाहीत. यावर उपाय सोपा आहे. दरडोई जीडीपीच्या शेजारी दरडोई राष्ट्रीय उत्पन्न आणि कुटुंबांचा दरडोई प्रत्यक्ष उपभोग हे दोन आकडे लिहावेत. तिन्ही एकाच दिशेने सरकत असतील तर प्रगती खरी मानण्यास आधार मिळतो. जीडीपी एकटाच पुढे पळत असेल तर मिळकत बाहेर कुठे जाते, याचा शोध घ्यावा.

वेगाचे गणित स्वतः करावे

समजा, संघाची सरासरी दरसाल दीड टक्क्याने वाढते आणि गरीब देश साडेतीन टक्क्यांनी वाढतो. सरासरीच्या निम्म्यावर असलेल्या अशा देशाला ७५ टक्क्यांपर्यंत येण्यास सुमारे २१ वर्षे आणि पूर्ण बरोबरी साधण्यास सुमारे ३५ वर्षे लागतात. हे गणित हाताशी असले की ‘एका दशकात जर्मनीला गाठू’ अशा घोषणांचे वजन लगेच कळते. पोलंडने वीस वर्षांत पन्नासवरून ऐंशीच्या जवळ जाणे म्हणजे सरासरीपेक्षा दरसाल दोन टक्क्यांहून थोडा अधिक वेग सलग टिकवणे होय, आणि एवढी दीर्घ सातत्याची वाढ जगात फार थोड्या देशांना साधलेली आहे.

गुणोत्तर आणि अंतर यांतही फरक करावा. १०० उत्पन्न असलेला देश दीड टक्क्याने वाढून १०१.५ होतो आणि ३० उत्पन्न असलेला देश चार टक्क्यांनी वाढून ३१.२ होतो. गुणोत्तर सुधारले, पण अंतर ७० वरून ७०.३ झाले. गरीब देशातील तरुणाला स्थलांतराचा विचार करताना हे अंतर दिसते, गुणोत्तर नव्हे. म्हणून आकडेवारी सुधारत असतानाही माणसे का जात राहतात, याचे उत्तर पुष्कळदा इथेच सापडते.

आरंभाचे आणि शेवटचे वर्ष निवडतानाही काळजी घ्यावी. लाटव्हियाची वाढ २००७ पर्यंत मोजली तर तो चमत्कार वाटतो आणि २०१० पर्यंत मोजली तर ते संकट वाटते. तेजीच्या शिखरावर किंवा मंदीच्या तळाशी मोजणी थांबवू नये. किमान पंधरा वर्षांचा काळ घ्यावा आणि त्यात एक तरी मंदी येऊन गेलेली असावी.

वाढ कशातून आली, हे शोधावे

हा तपासणीचा गाभा आहे आणि यावर सर्वाधिक वेळ खर्च करावा. बाहेरून पैसा जवळपास प्रत्येक नव्या सदस्याकडे येतो; तो कोणत्या रूपात येतो आणि कशात गुंततो, यावर पुढचे सारे ठरते.

मध्य युरोपात तो मुख्यतः कारखान्यांच्या रूपाने आला. फोक्सवॅगनने १९९१ मध्ये चेक प्रजासत्ताकातील स्कोडामध्ये हिस्सा घेतला आणि २००० मध्ये पूर्ण मालकी मिळवली. आउडीने १९९३ मध्ये हंगेरीतील ग्योर येथे पाय रोवले. रेनोने १९९९ मध्ये रोमानियातील डाचिया विकत घेतली. या कारखान्यांचा माल जर्मनी-फ्रान्ससारख्या मोठ्या बाजारांत विकला जाणार असल्यामुळे तो त्याच दर्जाचा असणे भाग होते. स्थानिक पुरवठादारांना सुट्या भागांच्या मोजमापातील अचूकता, वेळेवर पोहोच आणि गुणवत्ता-तपासणी हे सारे शिकावे लागले, आणि ती शिकवण त्या एका कारखान्याच्या भिंतीत अडकून राहिली नाही. उत्पादकता वाढण्याची खरी वाट ही आहे.

ग्रीसकडेही पैसा आला, पण कर्जाच्या रूपाने. २००१ मध्ये युरो स्वीकारल्यानंतर ग्रीक सरकारला जवळजवळ जर्मनीच्याच व्याजदराने कर्ज मिळू लागले. हा पैसा मोठ्या प्रमाणावर सरकारी खर्च आणि उपभोगात गेला. वेतन उत्पादकतेपेक्षा वेगाने वाढले, आयात वाढली, आणि २००८ मध्ये चालू खात्यावरील तूट, म्हणजे आयातीसारख्या व्यवहारांत देशाबाहेर जाणारा पैसा आत येणाऱ्यापेक्षा जितका जास्त असतो तो फरक, जीडीपीच्या सुमारे १५ टक्क्यांवर गेली. २००९ च्या अखेरीस अर्थसंकल्पीय तुटीचा खरा आकडा समोर आला, २०१० मध्ये बचाव-कर्ज घ्यावे लागले, आणि पुढील काही वर्षांत अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशाने आक्रसली. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांच्या वर होती. लाटव्हियात कर्ज सरकारने नव्हे, तर खासगी क्षेत्राने घेतले; परकी बँकांच्या पैशावर घरांच्या किमती फुगल्या आणि तेजीच्या शेवटच्या वर्षांत चालू खात्यावरील तूट जीडीपीच्या २० टक्क्यांहून अधिक झाली. दोन्ही देशांची दरडोई उत्पन्नाची रेषा त्या काळात सुंदर वर जात होती, हे विसरू नये.

म्हणून तपासणाऱ्याने चार आकडे एकत्र मांडावेत: ताशी उत्पादकता, निर्यातीचा जीडीपीतील वाटा, चालू खात्यावरील शिल्लक आणि घरांसाठी दिलेल्या कर्जाची वाढ. पहिले दोन वाढत असतील आणि शेवटचे दोन आटोक्यात असतील, तर वाढ टिकाऊ असण्याची शक्यता अधिक असते. ताशी उत्पादकता पाहणे विशेष गरजेचे आहे, कारण पोलंड आणि ग्रीस या दोन्ही देशांत माणसे वर्षाला पश्चिम युरोपापेक्षा अधिक तास राबतात. पोलंडची ताशी उत्पादकता त्याच्या दरडोई उत्पन्नाइतकी सरासरीच्या जवळ आलेली नाही. म्हणजे दिसणाऱ्या प्रगतीचा काही भाग अधिक कष्टांचा आहे. ही गोष्ट त्या कष्टकऱ्यांच्या श्रेयाची आहे, पण पुढच्या वाढीसाठी तेवढ्यावर अवलंबून राहता येत नाही.

सदस्यत्वाची तारीख म्हणजे कारणाची तारीख नव्हे

आयर्लंड १९७३ मध्ये तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायात गेला. पुढची जवळपास पंधरा वर्षे त्याचे सापेक्ष स्थान फारसे सुधारले नाही. १९८० च्या दशकात बेकारी तीव्र होती, सरकारी कर्ज वाढत होते आणि तरुण लंडन-न्यूयॉर्कची वाट धरत होते. वेग आला तो १९८७ नंतर, जेव्हा सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी वेतनवाढीवर संयम ठेवण्याचा करार केला, सरकारी खर्चाला शिस्त लागली आणि १९९३ पासून एकल बाजारपेठ प्रत्यक्षात आली. अमेरिकी कंपन्यांना युरोपात शिरण्यासाठी इंग्रजी बोलणारा, कमी करांचा, शिकलेल्या तरुणांचा देश हवा होता. ते तरुण शिकलेले होते, याचे मूळ १९६७ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत करण्याच्या निर्णयात आहे. शाळेची फी माफ केल्याचे फळ राष्ट्रीय उत्पन्नात दिसायला वीस-पंचवीस वर्षे लागली, आणि ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्या कारकिर्दीत ते कुणालाही मोजता आले नसते. शिक्षणावरील खर्चाला ‘अनुत्पादक’ म्हणणाऱ्यांनी हा कालावधी नीट पाहावा, असे मला मनापासून वाटते.

पूर्व युरोपात उलट क्रम दिसतो. पोलंडच्या कठोर सुधारणा १ जानेवारी १९९० पासून सुरू झाल्या. १९९३ मध्ये कोपनहेगन येथे संघाने प्रवेशाच्या अटी निश्चित केल्या: स्थिर लोकशाही संस्था, चालती बाजारव्यवस्था आणि संघाचे कायदे अमलात आणण्याची क्षमता. स्पर्धा कायदा, बँकांवरील देखरेख, सीमाशुल्क, अन्नसुरक्षा अशा विषयांवर या देशांनी दशकभर कायदे बदलले. संघाचा मोठा परिणाम म्हणूनच प्रवेशाआधीच्या वर्षांत शोधावा. प्रवेशाच्या दिवसापासून पुढे आणि मागे अशी साधी तुलना केली तर तो निसटतो.

संघाच्या निधीचे वजन योग्य मापाने करावे

प्रादेशिक विकास निधी १९७५ पासून आहे. १९८८ च्या सुधारणेनंतर या मदतीची रक्कम दुप्पट करण्यात आली. संघाची स्थापना करणाऱ्या मास्ट्रिख्ट करारातून कोहिजन फंड हा आणखी एक मदतनिधी आला, जो सरासरीच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी दरडोई राष्ट्रीय उत्पन्न असलेल्या देशांसाठी असतो. २०२१ ते २०२७ या काळासाठी मागास प्रदेशांना आणि देशांना मदतीच्या या धोरणाखाली सुमारे ३९२ अब्ज युरो ठेवले आहेत, म्हणजे संघाच्या अर्थसंकल्पाचा साधारण एक तृतीयांश भाग. आकडा प्रचंड वाटतो. पण लाभार्थी देशाच्या जीडीपीशी तुलना केल्यास तो दरसाल काही मोजक्या टक्क्यांपुरता असतो.

तपासताना तीन गोष्टी विचाराव्यात. मंजूर रकमेपैकी प्रत्यक्ष किती खर्च झाली? त्यातून झालेल्या रस्त्याने, सांडपाणी प्रकल्पाने किंवा प्रयोगशाळेने खासगी गुंतवणूक ओढून आणली का? आणि निधी नसता तर सरकारने स्वतःच्या पैशातून ते काम केले असते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर निधीमुळे फक्त सरकारचा पैसा दुसरीकडे वळला. दक्षिण इटलीचा अनुभव इथे मोलाचा आहे. १९५० ते १९८४ पर्यंत चाललेल्या विशेष निधीच्या काळात सुरुवातीची वीस-बावीस वर्षे उत्तरेशी असलेले अंतर खरोखर कमी झाले, पण त्यानंतर पैसा येत राहिला आणि अंतर कमी होणे थांबले. पहिल्या काळात धरणे, रस्ते आणि शेतीसुधारणा झाल्या. नंतर मोठे अनुदानित उद्योग आणि राजकीय वाटप यांचे वजन वाढले. त्यामुळे रकमेपेक्षा वाटपाची रीत अधिक बारकाईने वाचावी.

चलनाचा प्रश्न

२००८ च्या संकटात पोलंडचे चलन झ्लॉटी झपाट्याने घसरले, पोलिश माल परदेशात स्वस्त झाला, आणि २००९ मध्ये संघात मंदीतून सुटलेला तो एकमेव देश ठरला. लाटव्हियाने आपल्या चलनाचा युरोशी असलेला दर बदलला नाही. तिथे भार वेतनकपातीवर आणि नोकऱ्यांवर पडला आणि उत्पादन सुमारे पाचव्या हिश्श्याने घटले. यावरून ‘स्वतःचे चलन राखावे’ असा सरसकट नियम करण्याचा मोह टाळावा. एस्टोनियाने २०११ मध्ये आणि लिथुआनियाने २०१५ मध्ये युरो स्वीकारला आणि लिथुआनिया तर संघाच्या सरासरीच्या सर्वांत जवळ आलेल्या नव्या सदस्यांपैकी एक आहे. संकटात धक्का सोसण्याची लवचीकता त्या देशात दुसरीकडे कुठे आहे, म्हणजे वेतनात, अर्थसंकल्पात की बँकांच्या भांडवलात, एवढे पाहावे.

कोण गेले आणि कोण उरले

दरडोई उत्पन्न दोन मार्गांनी वाढते: उत्पन्न वाढून किंवा डोकी कमी होऊन. बल्गेरियाची लोकसंख्या १९८९ मध्ये ९० लाखांच्या जवळ होती. २०२१ च्या जनगणनेत ती सुमारे ६५ लाख भरली. लाटव्हियाची २७ लाखांच्या आसपास होती, ती १९ लाखांच्या खाली गेली. याला कमी जन्मदर कारणीभूत आहे, तसेच स्थलांतरही आहे. रोमानियातून हजारो डॉक्टर आणि परिचारिका पश्चिमेकडे गेल्या. त्यांच्या शिक्षणाचा खर्च रोमानियाने केला आणि उपचार जर्मनी-फ्रान्समधील रुग्णांना मिळाले. इटलीत वृद्धांची सेवा करणाऱ्या अनेक रोमानियन स्त्रियांची मुले गावी आजीकडे वाढली. त्यांनी पाठवलेल्या पैशाने घरे उभी राहिली, हे खरे आहे, पण त्या मुलांनी काय गमावले, त्याची नोंद कोणत्याही राष्ट्रीय लेख्यात होत नाही.

म्हणून कामकरी वयाच्या लोकसंख्येचा आलेख नेहमी उत्पन्नाच्या आलेखाखाली ठेवावा. बाहेर गेलेले परत येऊ लागले का, हा सर्वांत बोलका निर्देशक आहे. आयर्लंडमध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात माणसे परतू लागली. २००४ नंतर दहा लाखांहून अधिक नागरिक बाहेर गेलेल्या पोलंडमध्येही पुढे ओघ बदलला आणि हा देश स्वतः शेजारच्या युक्रेनमधील कामगारांना रोजगार देऊ लागला.

त्याचबरोबर देशाच्या आतही पाहावे. बुखारेस्ट, ब्रातिस्लाव्हा, प्राग आणि वॉर्सा हे राजधानीचे प्रदेश संघाच्या सरासरीच्या वर आहेत. बल्गेरियाचा वायव्य भाग मात्र संघातील सर्वांत गरीब प्रदेशांत मोडतो. देशाची सरासरी सुधारणे आणि देशातील सर्वांची स्थिती सुधारणे यांत म्हणूनच गल्लत करू नये.

मध्येच थबकलेले देश ओळखावेत

स्लोव्हाकियाने प्रवेशाच्या सुमारास विलक्षण वेग घेतला, लोकसंख्येच्या प्रमाणात जगात सर्वाधिक मोटारी बनवणारा देश म्हणून नाव मिळवले, आणि नंतर सरासरीच्या साधारण ७५ टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळला. टाटा समूहाच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचा नित्रा येथील कारखाना २०१८ मध्ये याच देशात सुरू झाला. कारखाने आहेत, निर्यात आहे; पण गाडीचा आराखडा, संशोधन आणि नफ्याच्या विनियोगाचे निर्णय बहुतांशी बाहेर होतात. चेक प्रजासत्ताकाची गोष्ट थोडी निराळी आहे. स्कोडाने म्लादा बोलेस्लाव्ह येथील आपला अभियांत्रिकी विभाग राखला आणि वाढवला. फोक्सवॅगन समूहाच्या भारतातील गाड्यांच्या प्रकल्पाचे नेतृत्वही स्कोडाकडे आहे, आणि आपल्या चाकणमध्ये तयार होणाऱ्या काही गाड्यांमागे चेक अभियंत्यांचे काम आहे. जोडणीपासून आराखड्यापर्यंत जाणे ही पुढची पायरी असते, आणि ती ओळखण्यासाठी संशोधनावरील खर्चाचा जीडीपीतील वाटा आणि स्थानिक मालकीच्या निर्यातदार कंपन्यांची संख्या पाहावी.

ही पद्धत हाताळून पाहण्यासाठी सध्या बल्गेरिया योग्य आहे. १ जानेवारी २०२६ पासून तिथे युरो लागू झाला आणि त्याचे दरडोई उत्पन्न अजून संघाच्या तळाच्या देशांत मोडते. पुढील काही वर्षे एका तक्त्यात दरसाल पाच ओळी भरत जाव्यात: ताशी उत्पादकता, वेतनवाढ, गृहकर्जाची वाढ, चालू खात्यावरील शिल्लक आणि वीस ते चाळीस या वयोगटातील लोकसंख्या. वेतनवाढ उत्पादकतेच्या पुढे सलग तीन-चार वर्षे धावू लागली आणि त्याच वेळी गृहकर्जे व तूट फुगू लागली, तर वर्तमानपत्रांत त्या देशाचे कितीही कौतुक चालू असले तरी तक्त्याच्या समासात धोक्याची खूण करावी. आणि पाचवी ओळ घसरायची थांबून स्थिर झाली, तर तेवढी एक ओळ जाड अक्षरांत लिहावी.